अध्यक्षांच्या आठ फळ्या

गेल्या माघात भोवडखोलच्या ग्रामस्थ मंडळाचं अध्यक्षपद सागाच्या एका ओंडक्याकडे गेलं. निवड बिनविरोध झाली. ओंडका लांबीला दहा फूट, जाडीला सव्वीस इंच, वय वर्षं सत्त्याण्णव. त्याच्याआधीचे अध्यक्ष धोंडूअण्णा रांबाडे एक्क्याण्णव वर्षांचे, म्हणजे सहा वर्षांनी लहान, आणि गावात जो वयाने सगळ्यांत मोठा तोच अध्यक्ष, असा आमच्या मंडळाचा नियम आहे.

अडचण एवढीच होती की तो ओंडका मी कापायला घेतला होता.

डिप्लोमाचं तिसरं वर्ष अर्ध्यात सोडून मी घरी आलो तेव्हा, का सोडलंस, हे विचारायला गावातली बारा म्हातारी माणसं आमच्या ओटीवर येऊन चहा पिऊन गेली. बारांपैकी एकानेही उत्तर ऐकून घेतलं नाही. उत्तर साधं होतं. मला फिरती करवत चालवायची होती. दोन चाकांवर फिरणारा दातेरी पट्टा, त्याला पेट्रोलचं इंजिन, आणि हे सगळं रुळांवरून ढकलत न्यायचं. ओंडका जागचा हलत नाही, करवत त्याच्यावरून जाते. जीपच्या मागे जोडून कुठेही नेता येते. झाड जिथे पडलं तिथेच त्याच्या फळ्या.

बाबांचं म्हणणं होतं की घ्यायचीच तर सगळ्यांत मोठी घ्यावी. का, तर मोठी आहे म्हणून. ती मोठी करवत आमच्या घाटीच्या दुसऱ्या वळणावर अडकली असती, हे मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. बाबा म्हणाले, "कागदावर काय कुणीही वळतं." शेवटी मी तीस इंची ओंडका घेणारी, रूळ दोन तुकड्यांत सुटणारी आणि जिचे पट्टे जिल्ह्याच्या गावी मिळतात अशी आणली. विकणाऱ्याने ती पंधरा दिवस वापरून बघायला दिली होती, आणि त्या पंधरा दिवसांवर बाबांनी आपली अट बसवली. तेवढ्या दिवसांत ओढ्यावरच्या साकवाला, म्हणजे पायपुलाला, फळ्या कापून बसवल्या तर करवत राहील. नाही तर करवत परत जाईल, आणि मीही कॉलेजात परत जाईन.

साकवाचे दगडी खांब शाबूत होते. वरच्या फळ्या पुरात गेल्या होत्या आणि पलीकडच्या वाडीची माणसं चपला हातात धरून गुडघाभर पाण्यातून ये-जा करत होती. वादळात पडलेला तो साग मंडळाने याच कामासाठी राखून ठेवला होता. कागदपत्रं झाली होती.

चौथ्या दिवशी मी ओंडका पहारींनी लोळवत करवतीवर चढवला आणि आत पोकळ नाही ना, हे बघायला एका टोकाची चकती उतरवली. पोकळ नव्हता. वलयं अशी स्वच्छ दिसत होती की रस्त्याने जाणारे शिर्के गुरुजी थांबले. गुरुजी निवृत्त शिक्षक आणि मंडळाचे सचिव. काहीही मोजता येण्यासारखं दिसलं की मोजतात. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, दर दहाव्या वलयावर ठिपका दिला, मग उलट दिशेने परत मोजलं.

"विघ्नेश," ते म्हणाले, "इंजिन बंद कर. अध्यक्ष आहेत हे."

संध्याकाळी धोंडूअण्णा काठी टेकत आले. मागे अख्खं गाव, ते ओंडक्यापुढे सभेसारखं रांगा धरून बसलं.

"लाकडाला कसलं वय?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, एकतीस वर्षं मी शाळेत शिकवलं, एक वलय म्हणजे एक वर्ष," गुरुजी म्हणाले. "आता नाही म्हटलं तर एकतीस वर्षांचे पेपर परत तपासायला लागतील."

"बरं, असेल. पण हा मेलेला आहे. मेलेला माणूस अध्यक्ष होत नाही."

गुरुजींनी बोट दाखवलं. ओंडक्याच्या खालच्या अंगाला, सालीतून, दोन कोवळी पानं फुटली होती. "दर नोव्हेंबरात मी बँकेत हयातीचा दाखला देतो," गुरुजी म्हणाले, "तिथे नुसता अंगठा बघतात. यांनी तर पालवी दाखवलीय."

अण्णांनी काठीच्या टोकाने एक पान उलटून पाहिलं. अण्णांबद्दल माझं मत चांगलं नाही. गावात वाचनालय होऊ दिलं नाही, क्रिकेटच्या मैदानात रताळी लावायला लावली. पण त्या संध्याकाळी त्यांनी टोपी नीट केली, ओंडक्याला वाकून नमस्कार केला आणि जाऊन दुसऱ्या रांगेत बसले. दुसऱ्या रांगेतून सभा कशी दिसते ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

अध्यक्षांना हलवणं शक्य नव्हतं, वजन सात-आठशे किलो. त्यामुळे देवळापुढे भरणारी सभा माझ्या करवतीपुढे भरू लागली. बाबांनी पुढाकार घेऊन ओंडक्यावर ‘अध्यक्ष’ अशी पाटी ठोकली आणि हारासाठी खिळे मारले. मी ओरडेपर्यंत मारून झाले होते.

नवे अध्यक्ष चांगले निघाले. तीन तास चालणारी सभा वीस मिनिटांत आटोपू लागली. नळाच्या पाळीचं भांडण, जे माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होतं, ते पहिल्याच बैठकीत मिटलं, कारण एरवी अण्णा दर वेळी मध्ये पडून ते वाढवायचे. पलीकडच्या वाडीच्या शेवंताकाकी उघडच म्हणाल्या, "एवढा गुणी अध्यक्ष मी नाय बघितला. मधे बोलत नाय, खाकरत नाय, आमच्या काळी म्हणत नाय. पण माझे पाय भिजतायत ते भिजतायतच, त्याचं काय ते कुणीतरी सांगा."

"अध्यक्षांना कापता येणार नाही," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा प्रसन्न होता. त्यांनी माझ्या कॉलेजात फोनसुद्धा करून ठेवला होता.

तोवर नववा दिवस उजाडला होता. मी गुरुजींकडून मंडळाचं जुनं ठरावबुक मागून आणलं. वयाचा नियम कुणी केला ते मला बघायचं होतं, म्हणजे शिव्या नेमक्या कुणाला द्यायच्या ते कळलं असतं. नियम धोंडूअण्णांनीच केला होता, एकोणचाळीस वर्षांपूर्वी. त्यांचे वडील राघोबा तेव्हा गावात सगळ्यांत मोठे होते, पण अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती. पद घरातून जाऊ नये म्हणून अण्णांनी ठरावाला शेपूट जोडलं होतं. अध्यक्ष बोलू शकत नसल्यास ठराव त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावा, शंभर आकडे मोजावेत, तेवढ्यात अध्यक्षांनी हरकत न घेतल्यास ठराव मंजूर समजावा. या पद्धतीने राघोबांनी चार वर्षांत दोनशे ठराव मंजूर केले. आमच्या आजोबांच्या बांधावरून रस्ता नेण्याचाही त्यात होता.

दहाव्या दिवशी मी सभा बोलावली आणि ठराव वाचला. विद्यमान अध्यक्षांच्या दोन इंच जाडीच्या आठ फळ्या काढून साकवाच्या चार गाळ्यांवर बसवाव्यात. सूचक मी, अनुमोदक शेवंताकाकी.

"हा मुलगा थोरामोठ्यांना कापायला निघालाय," बाबा गावाला उद्देशून म्हणाले.

"ज्यांना कापणार त्यांना विचारतोय ना?" काकी म्हणाल्या. "तुम्ही तरी पोराला विचारलंत, कॉलेजात घालताना?"

गुरुजींनी मोजायला सुरुवात केली. पन्नासच्या आसपास वारा सुटला आणि पालवी हलली. गुरुजी थांबले. सगळे थांबले. हलणं म्हणजे हरकत असं कुणी म्हटलं असतं तर माझी करवत गेली होती. गुरुजींनी अण्णांकडे पाहिलं. "नियम तुमचा आहे. काय धरायचं?"

"माझा बापूस पण पापण्या हलवायचा," अण्णा म्हणाले. "आम्ही ते धरलं नव्हतं. मोज पुढे."

शंभर झाले. ठराव मंजूर झाला.

कापण्याआधी मी साल सोलून काढली, पालवीचा तुकडा गुरुजींनी दप्तरी ठेवायला नेला. सालीत माती असते आणि माती पट्ट्याच्या दातांना खाते. रूळ परत पातळीत आणले, पट्ट्याचा ताण पाहिला, पाण्याची धार लावली. पाणी नसेल तर सागाचा चीक पट्ट्याला धरतो आणि काप सरळ न जाता फळीवर लाट येते. मग पक्कड घेऊन बाबांचे खिळे उपसायला लागलो.

"किती मारले होते?" मी विचारलं.

"चार."

"नक्की?"

"बापाला विचारतोस?"

चार काढले. पहिली बाजू उतरली, ओंडका फिरवला, दुसरी बाजू घेतली आणि मधेच ठिणगी उडून पट्टा टणकन तुटला. पाचवा खिळा होता. माझ्या वडिलांचा खिळा वाकला तर ते तो उपसत नाहीत. तो तसाच झोडपून आत घालतात आणि बसला म्हणतात. त्यांनी माझं शिक्षणही तसंच केलं. मी हे त्यांच्या तोंडावर बोललो, सगळ्या गावासमोर. जवळ एकच पट्टा उरला होता. जिल्ह्याच्या दुकानात फोन केला तर दुकानदार सोमवारपर्यंत लग्नाला गेलेला, आणि सोमवार म्हणजे सोळावा दिवस.

बाबा घरात गेले, माझ्या आईच्या शिलाई मशिनच्या खणातलं मोठं लोहचुंबक घेऊन आले, जे टाचण्या गोळा करायला असतं, आणि ओंडक्यावर बसून एक-एक वीत फिरवू लागले. अर्ध्या तासाने म्हणाले, "सहावा पण आहे." आणि तो स्वतः छिन्नीने खणून काढला. त्यानंतर पहिल्या फळीपासून आठवीपर्यंत मशीनच्या समोरच्या बाजूला उभे राहून पाण्याचा नळ त्यांनीच सांभाळला. मी ढकलायची घाई केली की म्हणायचे, "हळू. आवाज बदलला बघ." आवाज खरोखर बदललेला असायचा. हे मला आवडलं नाही.

तेराव्या दिवशी आठ फळ्या रचून तयार होत्या आणि गुरुजी वही घेऊन आले. आता अध्यक्ष कोण, हा प्रश्न होता. प्रत्येक फळीचं वय सत्त्याण्णवच होतं. एकीला पद देऊन सात जणींना डावलणं बरोबर दिसलं नसतं. शेवटी आठही फळ्यांना सह-अध्यक्ष म्हणून नोंदवलं. हयातीचं काय, असं कुणीतरी विचारलं. गुरुजी म्हणाले, दाखला एकदा दिला की पुढच्या नोव्हेंबरपर्यंत चालतो, बँकेतही तसंच आहे.

"आणि पाय?" धोंडूअण्णा म्हणाले. "वडीलधाऱ्यांच्या अंगावरून चालायचं?"

त्यावर दोन दिवस गेले असते. शेवंताकाकींनी ते दोन मिनिटांत उरकलं. साकवावर चढताना एक नमस्कार, उतरताना एक, आणि चपला हातात. "चपला हातात घेऊन तर मी आताही ओढा ओलांडते," त्या म्हणाल्या. "निदान पाय तरी सुके राहतील."

पंधराव्या दिवशी दुपारी शेवटचा बोल्ट बसला. करवत परत न्यायची की ठेवायची, ते विचारायला विकणारा माणूस टेम्पो घेऊन आला होता. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी चपला काढल्या, साकवाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि खाली बघून म्हणाले, "पोरगा करवत ठेवू म्हणतो. तुमची हरकत असेल तर सांगा." मग त्यांनी शंभर आकडे मोजले. ऐंशीच्या पुढे ते फार हळू मोजत होते. शंभर झाल्यावर टेम्पोवाल्याला म्हणाले, "जा तू."

आता मला कामं पुरत नाहीत. आसपासच्या पाच गावांतून लोक आपापले ओंडके मोजायला घेऊन येतात. बोरथळला पंचाहत्तर वर्षांचे सरपंच होते, तिथे ऐंशी वर्षांचा फणस आल्यापासून पाणीयोजना मार्गी लागली आहे.

दर शनिवारी मी साकवाचे बोल्ट आवळायला जातो, कारण नवं लाकूड सुकताना आकसतं. गेल्या शनिवारी धोंडूअण्णा तिथे होते. चपला काठीला अडकवून, तिसऱ्या फळीवर मांडी घालून बसलेले.

"काय अण्णा, पद गेलं म्हणून तक्रार करताय काय त्यांच्याकडे?"

"विचारतोय," अण्णा म्हणाले. "दुपारच्या चहात साखर घेऊ की नको. पोरं म्हणतात नको. सुना म्हणतात नको. मी काय त्यांचं ऐकणार? माझ्यापेक्षा मोठं म्हणून विचारायला बापूस गेल्यापासून कुणी नव्हतं मला."

मी पाना खाली ठेवला. अण्णा ओठांतल्या ओठांत मोजत होते. सदतीसला ते चुकले, म्हणून पुढचे मी मोजले. शंभर झाले तेव्हा ओढ्याच्या पाण्याखेरीज कसलाच आवाज नव्हता.

"दोन चमचे," अण्णा म्हणाले, फळीला हात लावून कपाळाला लावला, आणि घराकडे चालू लागले.