पानांच्या पोटापाण्याचे धुरीकाका

पाहुण्याला चहा विचारायच्या आधी धुरीकाका त्याच्या हातात झाडाचं पान देत आणि विचारत, "रंग कोणता सांग बघू?" पाहुणा "हिरवा" म्हणाला की काका खूश. "चुकलास!"

रंगाच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ते मुलुंडच्या आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर एकटेच राहत. रविवारी सगळे टीव्हीसमोर असताना काका स्पिरिटात पानं कुटत, त्यात टिपकागदाची पट्टी उभी करत आणि हिरव्याच्या वर चढलेला पिवळा पट्टा दाखवायला दारं वाजवत. "हिरवा हा मुख्य आचारी. पिवळा, नारिंगी त्याच्या हाताखालचे. उजेड पकडून त्याला देतात. तेव्हा झाडाचं जेवण शिजतं!"

एकदा माठ निवडता निवडता आईने विचारलं, "नि हा लाल माठ रे? हा उपाशी मरता काय?"

काका हरखले. अख्खी जुडी त्यांनी आमच्याच स्टोव्हवर उकळत्या पाण्यात टाकली. पाणी लालभडक, पानं हिरवी! "बघा मावशी, लाल हा नुसता वरचा सदरा. आत आचारी हिरवाच!"

"खुळो मेलो," म्हणत आईने त्यांना जेवायलाच बसवलं.

त्या वर्षी समोर सात मजली इमारत उठली आणि तळमजल्यावरच्या आमच्या दाराशी ऊन येईनासं झालं. आईने गावाहून आणलेला कुंडीतला अनंत पिवळा पडला. ती रोज त्याला तांदळाचं धुवण घाली, त्याच्याशी बोलत बसे. काकांनी पानं उलटीसुलटी पाहिली, मान वर करून समोरची इमारत पाहिली आणि जिना चढून गेले.

दोन महिन्यांत अनंत हिरवागार! "माझ्या धुवणाचो गुण," आई चाळभर सांगत सुटली.

पुढे एकदा तापामुळे मी घरी होतो. दुपारी आईचा डोळा लागला, तसे काका पाय न वाजवता आले, कुंडी उचलली आणि जिना चढू लागले. मी मागोमाग गच्चीवर गेलो. धापा टाकत त्यांनी कुंडी उन्हात ठेवली.

"रोज?" मी विचारलं.

"त्या उठायच्या आत खाली नेतो."

"इथेच राहू दे ना, काका."

"नको रे. त्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. मग दिवसभर बोलतील कोणाशी?" कुंडी उन्हाकडे वळवत म्हणाले, "मला विचार, दिवस किती लांबतो ते."

ऊन कलल्यावर मी कुंडीची दुसरी बाजू धरली. दोघे एकेक पायरी उतरू लागलो.

"हळू," काका कुजबुजले, "मावशी जाग्या होतील."