बादलीभर पाणी आणि दुशांकाची परीक्षा

माझ्या बायकोला मी मदत करायचं ठरवलं आणि तिथूनच सगळी भानगड सुरू झाली. (मी मदत करायचं ठरवलं की माझी आई आधी काचेची भांडी वरच्या फळीवर ठेवते. पण ते असो.)

दुशांका, म्हणजे माझी बायको, आमच्या अरिल्ये गावातल्या रासबेरीच्या शीतगृहात काम करते. उन्हाळ्यात आमचं अख्खं खोरं त्या लाल फळांनी भरून जातं आणि मग ती सगळी फळं तिच्या ताब्यात, कडाक्याच्या थंडीत, वर्षभर गोठून पडतात. तिथली फरशीसुद्धा गोठते. गेल्या वर्षी तिच्या पाळीतली मिलुंका त्या फरशीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडून घेऊन घरी बसली. मालकाने तिला फुलं पाठवली. दुशांका मालकाला म्हणाली, फुलं राहू द्या, फरशीवर खरखरीत पट्ट्या लावा. मालक म्हणाला, हे सांगायला कामगार-सुरक्षेची परीक्षा पास झालेला माणूस लागतो, तुम्ही झालाय का?

त्या दिवशी ती घरी आली, कोटही न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "रातो, मी ती परीक्षा देणार."

आता बाईचं वय चव्वेचाळीस. सकाळची पाळी, घर, सासू आणि मी. (मी एकटाही पुरेसा आहे, असं सासू म्हणते, आणि ती माझी सख्खी आई आहे.) पण दुशांकाने पुस्तकं आणली आणि कोबीच्या लोणच्याच्या बरणीला टेकवून, कांदा चिरता चिरता वाचायला सुरुवात केली. इस्त्री करताना ती कलमं पुटपुटायची. मी नगरपालिकेत जमीन-नोंदणीच्या खिडकीमागे बसतो आणि नोकरीला लागल्यापासून एकही नवा नियम वाचलेला नाही. लोक येतात, मी त्यांना शेजारच्या खिडकीवर पाठवतो. त्यामुळे घरात असं कुणी जिद्दीने शिकताना पाहून मला अगदी भरून यायचं. मी तिच्याकडे बघत बसायचो. ती म्हणायची, बघत बसू नकोस, बटाटे सोल.

ऑक्टोबरमध्ये ती पहिल्यांदा परीक्षेला बसली आणि कायद्याच्या विषयात नापास झाली. मालक म्हणाला, हिवाळ्यात अजून एकदा बघू, नाहीतर उझित्से शहरातून सुरक्षेचा एक माणूस बोलावतो. तो माणूस आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तो वर्षातून एकदा येतो, सही करतो, भरपेट जेवतो आणि जातो. फरशी आहे तशीच राहते. म्हणजे दुशांका पुन्हा नापास झाली असती तर पुढची मिलुंका कोण, एवढाच प्रश्न उरला असता.

आणि नेमकं तेव्हाच तिचं मन उडालं. एका रविवारी पाहिलं तर पुस्तक मिटलेलं आणि ती खिडकीबाहेर बघतेय. म्हणाली, "कशाला करतेय मी हे? शब्द डोक्यात शिरतच नाहीत. दाबाखालची भांडी, दाबाखालची भांडी, तीन वेळा वाचलं. काय दाब आणि काय भांडी."

मी म्हटलं, तू नुसती बस, आज स्वयंपाक माझा. पांढऱ्या घेवड्याचं दाट कालवण करतो, धुरावलेल्या बरगड्या घालून. आई काचेची भांडी उचलायला लागली.

कुकरचं झाकण उघडायचं असेल तर आधी वाफ जाऊ द्यावी लागते, हे मला माहीत होतं. फक्त ती किती जाऊ द्यावी लागते यावर माझं आणि कुकरचं एकमत झालं नाही. झाकण कपाटावर गेलं, घेवडा छतावर गेला आणि मी टेबलाखाली गेलो. दुशांका धावत आली. आधी तिने मला तपासलं, मग गॅस बंद केला, मग बराच वेळ वर छताकडे बघत राहिली. तिथून एक एक दाणा खाली पडत होता.

"दाबाखालची भांडी," ती हळूच म्हणाली. "आत्ता कळलं."

आणि त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली. पुस्तक उघडून बसली ती जेवायलाही उठली नाही. (जेवायला नव्हतंच काही.)

मी मनात म्हटलं, रातोमिर, जमलं तुला. तिला उत्साह द्यायला घरात जितंजागतं उदाहरण हवं होतं. मग मी जोमाने मदतीला लागलो. तिच्या टेबलावरचा दिवा बदलायला डुगडुगत्या शिडीवर चढलो, तेव्हा उंचीवरून पडण्याचा धडा पक्का झाला. हीटरची वायर चिकटपट्टीने जोडली, तेव्हा विजेचा. मी कण्हत बसायचो आणि ती समोर येरझारा घालत म्हणायची, "धोका आधी मुळातूनच काढून टाकायचा. ते जमत नसेल तर त्याला कठडा घालायचा. तेही जमत नसेल तर पाटी लावून लोकांना सावध करायचं." हे म्हणताना ती दर वेळी माझ्याकडे का बघते, ते मला कळायचं नाही.

परीक्षा जानेवारीच्या शेवटी, बेलग्रेडला. आदल्या दिवशी आईने मला बाजूला घेतलं. आमच्याकडे कुणी परीक्षेला निघालं की त्याच्या पाठोपाठ पाणी सांडतात, काम पाण्यासारखं सरळ वाहत जावं म्हणून. ते ऑक्टोबरमध्ये मीच सांडलं होतं.

"कशाने सांडलंस?" आईने विचारलं.

"कॉफीच्या कपाने."

"कायद्याचा पेपर आणि कॉफीचा कप," आई म्हणाली. "मग नापास होईल नाही तर काय?"

मी हादरलो. म्हणजे बायको नापास झाली ती माझ्या कंजूषपणामुळे. मी मुकाट्याने बादली शोधून ठेवली.

सकाळी बाहेर उणे तेरा. दुशांका दारात उभी राहून बूट घालत होती. तिने बादली पाहिली. म्हणाली, "रातो, पाणी सांडायचं नाही. आज बायको म्हणून सांगत नाहीये, सुरक्षा अधिकारी म्हणून सांगतेय." मी मान डोलावली. ती पायऱ्या उतरली, फाटकातून बाहेर पडली आणि उतारावरून खाली बसथांब्याकडे निघाली.

मी बादली ओतली.

आता इथे एक खुलासा करायला हवा. वरच्या खिडकीतून आईनेही पाण्याचा एक जग पायऱ्यांवर ओतला होता, कारण तिचा माझ्यावर विश्वास नाही. आणि समोरचा शेजारी तिहोमिर, ज्याच्या गुडघ्याला दुशांकाने मागे मलमपट्टी केली होती, त्याने आपल्या फाटकातून किटलीभर पाणी उतारावर सोडलं होतं. कुणाचं कुणाला ठाऊक नव्हतं. पायऱ्यांपासून थांब्यापर्यंत पाणी अगदी सरळ वाहत गेलं. आईचं बरोबर होतं. मग ते तिथल्या तिथे गोठलं.

मी समाधानाने आत आलो, तर टेबलावर तिचं ओळखपत्र.

ओळखपत्राशिवाय परीक्षेला कुणी आत घेत नाही. खाली बस उभी दिसत होती. मी ओळखपत्र उचललं आणि घरातल्या स्लिपर्समध्येच धावलो.

पहिली पायरी मला आठवते. बाकीच्या आठवत नाहीत, त्या फार भराभर गेल्या. पायऱ्या संपल्या, पण मी संपलो नाही. फाटकातून बसल्या बसल्या बाहेर पडलो आणि उतारावरून निघालो. तिहोमिरने हातातल्या किटलीने मला सलाम केला. बसचा ड्रायव्हर बॅगा आत ठेवत होता, तो बाजूला झाला. मी थेट दुशांकाच्या बुटांपाशी येऊन थांबलो, एक हात वर, हातात ओळखपत्र.

म्हटलं, "हे विसरलीस."

तिने एक शब्दही वाया घालवला नाही. गुडघ्यावर बसली, म्हणाली, हलू नकोस, पायाची बोटं हलव, मान दुखतेय का. मग मान वर करून तिहोमिरला सांगितलं की कडेकडेने चाल आणि ॲम्ब्युलन्सला फोन कर. आईला ओरडून सांगितलं की खाली उतरू नका, चुलीतली राख पायऱ्यांवर टाका, वरूनच. ड्रायव्हरला म्हणाली, दिवे लावून बस आडवी लावा. आणि गंमत म्हणजे सगळ्यांनी ऐकलं. माझी आईसुद्धा. आवाज चढला नव्हता की कापला नव्हता. बावीस वर्षं मी या बाईबरोबर संसार करतोय, आणि ती इतकी मोठी आहे हे मला रस्त्यावर आडवं पडल्यावर दिसलं. मला तिचा इतका अभिमान वाटला की दुखणं घटकाभर विसरलो.

मग तिने बसकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"मी थांबते," ती म्हणाली.

"थांबलीस तर मी फुकट पडलो," मी म्हटलं. "जा. मिलुंकासाठी जा."

ड्रायव्हर म्हणाला, बाई, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी हलत नाही, नाहीतरी रस्ता तुमच्या नवऱ्याने अडवलाय.

घोटा मोडला होता आणि माकडहाडाला तडा गेला होता. संध्याकाळी मी प्लास्टरमध्ये पालथा पडलेलो असताना तिचा फोन आला. लेखी झालं, कायदाही झाला. मग तोंडी परीक्षेत मुख्य परीक्षकाने विचारलं, स्वतः पाहिलेला एक अपघात सांगा आणि तो कसा टाळता आला असता तेही सांगा. दुशांका म्हणाली, सर, जुना सांगू की आज सकाळचा ताजा हवाय? आणि तिने सगळं सांगितलं, बादली, जग, किटली, उतार, स्लिपर्स. तिघेही परीक्षक डोळे पुसत होते. शेवटी मुख्य परीक्षकाने विचारलं, "नियम असा की धोका आधी मुळातूनच काढून टाकायचा. तसा विचार कधी केला होता का?"

"केला होता, सर," ती म्हणाली. "पण बावीस वर्षं झाली, आता सवय झालीये. शिवाय स्वभावाने फार चांगला आहे."

पास. शंभरात सत्त्याण्णव.

आता शीतगृहाच्या फरशीवर खरखरीत पट्ट्या आहेत. त्या दुशांकाने मालकाला शेजारी उभं करून लावून घेतल्या. मिलुंका काठी घेऊन पुन्हा कामावर आली, तेव्हा त्या पट्ट्यांवरून एकटी चालत गेली आणि दोघी बराच वेळ गळ्यात गळा घालून उभ्या होत्या. नव्या कामगारांना दुशांका पहिल्या दिवशी तासभर शिकवते, घरचीच उदाहरणं देऊन. मी एकदा तिचा डबा घेऊन कुबड्यांवर तिथे गेलो, तर माझ्या ओळखीच्या नसलेल्या मुली धावत आल्या आणि दोन्हीकडून माझी कोपरं धरून म्हणाल्या, "काका, सांभाळून, इथे पायरी आहे."

गेल्या महिन्यात तिने पुढची पुस्तकं आणली. या वेळी अग्निसुरक्षा. कोबीची बरणी पुन्हा टेबलावर आली. मी म्हटलं, दुशे, काळजी करू नकोस, या वेळीही मी तुला पूर्ण मदत करणार. ती उठली, घरातल्या सगळ्या काडेपेट्या गोळा केल्या आणि नेऊन आईच्या ताब्यात दिल्या.