लाकडाचं पाणी

शोभेचं लाकूड पाण्यात ठेवल्याच्या चौथ्या दिवशी बिरुदेव हाके फिश टँकसमोर बसला, तेव्हा त्याला मासे दिसेनात. पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. वर्षभर जिवापाड जपलेली हिरवी रोपं त्या काढ्यात कुठेतरी उभी असावीत, एवढाच अंदाज लागत होता.

“हॉलमध्ये हे असलं पाणी नको मला,” त्याची बायको सुकन्या म्हणाली. “आज नळ येऊन गेला. पुढच्या पाण्याला टँक स्वच्छ दिसला तर ठीक, न्हाईतर सिद्धाप्पाला परत.”

पुढचं पाणी म्हणजे पाच दिवसांनी. ऑफिसात दिवसभर फायलींत मान घालून बसणाऱ्या बिरुदेवला संध्याकाळी टँकसमोर टेकल्यावरच जरा बरं वाटायचं. त्याने लगेच मासेवाल्या सिद्धाप्पाला फोन लावला.

“साहेब, नवं लाकूड रंग सोडतंयच की!” सिद्धाप्पा म्हणाला. “तुमी उकळून घातलं न्हाई वाटतं. आता रोज निम्मं पाणी काढा, निम्मं ताजं घाला. पाच दिवसांत आरशावानी होतंय बघा.”

फोन संपतो न संपतो तोच आई आतून टँकपाशी आली. मायाक्का गुडघे दाखवायला म्हणून सांगोल्याहून आली होती आणि डॉक्टरांपेक्षा टँककडेच जास्त बघत होती.

“बिरू, जळान पान्यात का घाटलंय रं?”

“शोभेचं हाय ते, आई.”

“चुलीत घाटलं असतं तर चार भाकरी तरी झाल्या असत्या.”

दुसऱ्या दिवसापासून बिरुदेव कामाला लागला. सकाळी उठायचं, पाइप लावून टँकमधलं दोन बादल्या पाणी काढायचं, बादल्या मागच्या दाराशी ठेवायच्या, तिथल्याच निळ्या ड्रममधून तेवढंच पाणी टँकमध्ये घालायचं आणि ऑफिस गाठायचं. बादल्या मोरीत रिकाम्या करायचं काम आईने आपणहून अंगावर घेतलं होतं. सुकन्या कपडेही त्याच ड्रमातल्या पाण्याने तिथेच धुवायची. त्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ड्रममधलं पाणी कसं आहे हे कुणालाच दिसत नसे, पण ते कमी होत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याचं श्रेय त्याने मनातल्या मनात सुकन्याच्या काटकसरीला देऊन टाकलं.

टँक मात्र ढिम्म. तिसऱ्या दिवशी त्याने लाकूड बाहेर काढून पुरणाच्या पातेल्यात दोन तास उकळलं. त्यात गॅस संपला आणि सुकन्याने ते पातेलं त्यालाच घासायला लावलं. चौथ्या दिवशी ऑफिसात त्याच्या पांढऱ्या शर्टाकडे बघून साहेबांनी विचारलं, “नवा घेतला का? बदामी रंग छान दिसतोय.” घरी येऊन बघतो तर बनियनही बदामी. सुकन्याने साबणाची कंपनी बदलली, तरी टॉवेल बदामीच.

पाण्याचा दिवस उजाडला. नळ यायच्या आधी सुकन्याने घासायला म्हणून मागचा ड्रम आडवा केला आणि अंगणभर चहा वाहिला.

“अहो! आधी बाहेर या तुमी!”

बिरुदेवच्या आधी मायाक्का लंगडत आली. “आगं आगं, समदं वतलंस व्हय? पाच दिस राखलं हुतं म्या!”

“काय राखलं होतं, आत्या?”

“पानी की! ह्यो रोज दोन बादल्या फेकाय ठिवायचा. म्या एक थेंब सांडू दिला न्हाय. समदं डरममदी.”

बिरुदेव पायरीवरच बसला. ड्रममधून टँकमध्ये, टँकमधून ड्रममध्ये. पाच दिवस तो तेच पाणी बदलत होता. त्याला राग आला, पण ते दुखरे गुडघे घेऊन म्हातारीने रोज भरलेल्या बादल्या उचलल्या होत्या, हे आठवून तो राग गिळून बसला.

“म्हणजे मी कपडे लाकडाच्या काढ्यात धुतले?” सुकन्या कडाडली. “टँक आजच जाणार!”

“अगं, आता चूक कळली की. अजून पाचच दिवस...”

“ठरलं ते ठरलं!”

नळ आला. ड्रम, हंडे, कळशी, शेवटी कुकरसुद्धा भरून झाला. मग बिरुदेवने जड हाताने पाइपचं एक टोक टँकमध्ये सोडलं आणि दुसरं मोरीकडे नेलं. मोरीच्या उंबऱ्यावर मायाक्का फतकल मारून बसली होती.

“आई, बाजूला हो.”

“हुनार न्हाय. सकाळी डरमभर वतलं तेवढं लई झालं. घागर घिऊन टँकरमागं पळालोय आमी. माझ्या डोळ्यांदेखत पानी मोरीत जानार न्हाय.”

“मग ठेवायचं कुठं, आत्या?” सुकन्या म्हणाली. “घरात एक भांडं रिकामं नाही.”

मायाक्काने घरभर नजर फिरवली. खरंच कुठे वाटीभर जागा नव्हती. मग तिची नजर टँकवर येऊन थांबली.

“हितंच ऱ्हाऊ दे की. हाय तितं त्याचं काय वाईट चाललंय?”

सात वर्षांच्या संसारात सासूपुढे सुकन्याचं कधी चाललं नव्हतं.

“पुढच्या पाण्यापर्यंतच हं,” ती शेवटी म्हणाली.

“पुढच्या पान्यालाबी समदी भांडी भरायचीच हायती की गं.”

बिरुदेवने मुकाट्याने पाइप गुंडाळला. चेहऱ्यावरचं हसू बायकोला दिसू नये म्हणून तो टँककडे तोंड करून उभा राहिला आणि मासे साधारण जिथे असतील असं वाटलं, तिथे त्याने चिमूटभर खाद्य टाकलं.