हंसी घोडीने सरलष्करांची पाठ पाहिली

श्रीमार्तंडचरणी माथा ठेवून आणि खोटे लिहिल्यास लेखणी मोडो ऐसी शपथ वाहून हकिकत लिहितो ती ऐसी. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्लनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, एका राज्यात (राज्य कोणते ते पुसू नये) सरलष्कर रायाजीराव यांचे एकुलते पुत्र खेत्रोजी लढाईत पडले आणि त्यांची घोडी हंसी रिकाम्या खोगिराने घरी आली. मग सरलष्करांनी डोळ्यांतून टिपूस काढिले नाही, पुत्राचे नाव उच्चारिले नाही, आणि पोटातील सारे ओरडण्यात घातले. चाकरमाणसे चळचळा कापू लागली. तेव्हा त्यांची स्त्री सगुणाबाई बोलल्या, "मुलगा रणात गेला. आपण तर घरात असून गेलात. भिंतीशी किती दिवस बोलू? पंचमीस मी माहेरी जाते, ती परत येणार नाही." सरलष्कर "बरे" इतकेच बोलिले. त्या एका शब्दाने मज लिहिणाराचेही काळीज चिरले.

इकडे हंसी दाणा खाईना. लेकाची तेवढीच निशाणी, ती तरी जगावी म्हणोन सरलष्कर जातीने पागेमागील रिंगणात गेले आणि हरभरा पुढे करून "खा!" ऐसा हुकूम फर्माविला, तो घोडी मागे सरोन कुंपणास जाऊन भिडली. मग इभ्राम चाबूकस्वार, ज्याचा जन्म घोडी शिकविण्यात गेला, तो हात जोडून बोलिला, "सरकार, पोटात एक आणि तोंडावर एक ऐसा माणूस जनावराला वाघासारखा दिसतो. तलवार, जोडे बाहेर ठेवा, रिंगणात एकटे जा, तिजकडे पाठ करून उभे राहा आणि मनात असेल ते बोला."

हे ऐकोन मर्जी खप्पा जाहली. कारण त्या घराण्याची चाल ऐसी की पाठ कोणास दाखवू नये. हजामदेखील समोर बसोनच मानेवरील केस काढी आणि ते वाकडेच निघत, परंतु बोलण्याची प्राज्ञा कोणाची? "आमची पाठ शत्रूने पाहिली नाही, ती घोडीने पाहावी?" म्हणोन सरलष्करांनी इभ्रामास हाकलिले, आणि दोन दिवस गूळ दाखविला, दरडाविले, परंतु घोडी जवळ येईना आणि तिच्या बरगड्या दिसू लागल्या.

पंचमीस सकाळी मेणा दारी लागला. तो पाहून सरलष्कर मुकाट्याने पागेमागील रिंगणात गेले, तलवार सोडिली, जोडे काढिले, आणि उभ्या जन्मात केली नाही ती गोष्ट केली, पाठ फिरविली. मग बोलिले, "हंसी, त्या सकाळी खेत्रोजी मला म्हणाला, आबा, अंगात ज्वर आहे, आज राहू द्या. मी म्हणालो, आपल्या घराण्यात ज्वर येत नाही. मीच पाठविला त्याला." आणि सरलष्कर लेकराच्या नावाने हुंदके देऊन रडू लागले. तेव्हा घोडी पाऊल पाऊल आली आणि तिने त्यांचे खांद्यावर तोंड ठेविले.

सगुणाबाई घोडीचा निरोप घेण्यास गवताची पेंढी घेऊन कुंपणाशी आल्या होत्या, त्यांनी सर्व ऐकिले. त्या आत आल्या आणि बोलल्या, "हे मला का नाही सांगितले?"

"धीर जाहला नाही."

"मी यास क्षमा करीन की नाही, ठाऊक नाही. परंतु आज आपण बोललात." मग अर्धी पेंढी त्यांचे हाती दिली, आणि घोडीने दोघांच्या हातचे खाल्ले. मेणा रिकामा परतला.

पुढे दसऱ्यास फौज निघाली, तेव्हा एक शिलेदार मान खाली घालून बोलिला, "सरकार, अंगात ज्वर आहे." सरलष्कर घोड्यावरून उतरले, त्याचे कपाळी हात ठेविला आणि म्हणाले, "घरी जा, बाळा." येणेप्रमाणे जाहले. हकिकत संपली, लेखणी शाबूत आहे.