कृपया हिराओकाबाईंना कळू देऊ नये

हिराओकाने ठरवलं की गाडीत फक्त एकच भाग बदलायचा, आणि तोही असा की बायकोला जन्मात दिसणार नाही.

दिसणारे भाग बदलून तो आधीच पोळला होता. दोन वर्षांपूर्वी गाडीचं वजन कमी करायचं म्हणून त्याने मागची सीट काढून टाकली, आणि नेमकं त्याच आठवड्यात सासूसासऱ्यांना स्टेशनवरून आणायची वेळ आली. सासूबाई पुढे बसल्या. सासरेबुवा मागे नुसत्या पत्र्यावर उशी घेऊन बसले. (एका शब्दाने तक्रार केली नाही. तेच वाईट झालं.) ते गेल्यावर चिझुरू शांतपणे म्हणाली, "अहो, आता या गाडीत एक जरी नवा भाग बसला, तर गाडी शुन्पेईला देऊन टाकेन." शुन्पेई तिचा धाकटा भाऊ. चिझुरू म्हणते ते करते, हे हिराओकाला लग्नाच्या चौदा वर्षांत कळून चुकलं होतं.

पण ते तिसरं वळण त्याला स्वस्थ बसू देईना. महिन्यातून एक रविवार तो डोंगरातल्या सर्किटवर गाडी पळवायचा, आणि दर वेळी तिसऱ्या वळणावर एक सत्तरीचा दंतवैद्य त्याला मागे टाकून जायचा, जाताना हातही हलवायचा. दोष डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटून देणाऱ्या भागाचा होता. जोरात वळताना आतलं चाक हलकं होतं, आणि साधा डिफरन्शियल इंजिनाची ताकद नेमकी त्या रिकामटेकड्या चाकाला देऊन बसतो. ते नुसतं गरगरतं, आणि काम करणारं बाहेरचं चाक उपाशी राहतं. (हिराओका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात असल्यामुळे ही व्यवस्था त्याला चटकन समजली.) यावर उपाय म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. तो दोन्ही चाकांना एकमेकांशी जखडून ठेवतो, म्हणजे एकट्याला मजा मारता येत नाही.

"दिसणार नाही ना?" त्याने गॅरेजवाल्या मुराईला तीनदा विचारलं.

"गाडीखाली आडवे झालात तरी दिसणार नाही. बाहेरचं कवच जुनंच राहतं."

ऐकू येतं का, हे विचारायचं मात्र राहून गेलं. भाग बसला, हिराओकाने गाडी गॅरेजबाहेर काढून स्टिअरिंग वळवलं, आणि मागून आवाज आला, कडाड् कट् कट्. कुणीतरी कुऱ्हाडीने जुनं कपाट फोडत असावं तसा.

"मुराईसान, काहीतरी तुटलं."

"तुटलं नाही, लागलं," मुराई अभिमानाने म्हणाला. "आतल्या चकत्या एकमेकींना धरतायत. हळू वळताना वाजणारच. आता एखाद्या मोकळ्या मैदानात अर्धा तास चालण्याच्या वेगाने इंग्रजी आठचा आकडा काढत बसा. चकत्या बसल्या की आवाज कमी होतो."

गाडी तेल बदलायला दिलीय, असं घरी सांगून हिराओकाने ती शनिवारपर्यंत मुराईकडेच ठेवली. इथवर सगळं ठीक होतं. बायकोला फसवायची त्याची तयारी होती. पण शेजाऱ्यांना आधी न सांगता आवाज करणं त्याच्या रक्तातच नव्हतं. त्या आळीत कुणाला न्हाणीघराच्या चार फरशा बदलायच्या असल्या तरी तो आधी मिठाईचा डबा घेऊन घरोघरी वाकून येतो. तेव्हा बुधवारी चिझुरू कामाला गेल्यावर हिराओकाने रजा टाकली, सहा डबे आणले आणि सहाही घरी कंबरेत वाकून माफी मागितली. गाडीत एक भाग बसवलाय, आवाज होईल, सांभाळून घ्या, आणि हे कृपा करून आमच्या घरी कळू देऊ नका.

ओगुराआजी त्या वर्षी आळीच्या प्रमुख होत्या. वय त्र्याऐंशी, सुलेखन शिकवायच्या, आणि नियमाला देव मानायच्या.

"हिराओकासान, आठ कुठे काढणार?"

"अजून ठरलं नाही, आजी."

"समाजमंदिरामागच्या मैदानात काढा. शनिवारी दहा ते साडेदहा. मी नोंद करून ठेवते."

हिराओका भारावून गेला. एवढी समजूतदार माणसं शेजारी लाभायला भाग्य लागतं, असं तो परत येताना स्वतःशी म्हणाला.

शनिवारी तो गाडी घेऊन मैदानात पोचला, तर तिथे अख्खी आळी घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली. थर्मास होते, तांदळाचे पापड होते. एका आजोबांनी वाहतूक आवरायला पांढरा झेंडा आणला होता. (वाहतूक म्हणजे हिराओका एकटाच.) माघार घ्यायची सोय नव्हती. त्याने आठ काढायला सुरुवात केली. डावीकडे वळला की कडाड्, उजवीकडे वळला की कडाड् कट्, आणि दर आठाला टाळ्या. दहाव्या आठाला ओगुराआजींनी हात करून गाडी थांबवली.

"खालचं पोट बारीक पडतंय. मनगट सैल सोडा."

पुढचे आठ त्याने मनगट सैल सोडून काढले. आजींनी समाधानाने मान हलवली. अर्धा तास संपल्यावर घाम पुसत त्याने विचारलं, "आजी, पण सगळ्यांना वेळ कशी कळली?"

"फळी फिरवली ना."

आळीची सूचना एका फळीला लावतात, ती घरोघर फिरते, आणि प्रत्येक घर वाचून त्यावर आपला शिक्का मारतं.

"सगळ्या घरी फिरवलीत?"

"नियम आहे. पण काळजी नको. खाली ठळक लिहिलंय मी, कृपया हिराओकाबाईंना कळू देऊ नये."

"आणि शेवटचं घर कुणाचं?"

"तुमचंच. काल संध्याकाळी शिक्का मारून परतसुद्धा आली."

तो घरी आला तेव्हा चिझुरू कपडे वाळत घालत होती.

"अगं, ती फळी..."

"शिक्का मारलाय मी."

"म्हणजे तू वाचलंस?"

"न वाचता मारतात का?" तिने एक मोजा झटकला. "पण मला कळू देऊ नये असं त्यात लिहिलंय. तेव्हा मला काही कळलेलं नाही."

हिराओकाचा जीव भांड्यात पडला. (इथेच शहाणा माणूस घाबरला असता.) पुढचा आठवडा त्याने तरंगत काढला. शेजारीही विलक्षण प्रेमाने वागत होते. एकीने मुळ्याचं लोणचं आणून दिलं, झेंडेवाले आजोबा येताजाता गाडीच्या बॉनेटवर हात फिरवून सुस्कारा टाकायचे. आपण आळीत लोकप्रिय झालो, असं त्याला वाटलं. उद्याच्या रविवारी सर्किट होतं, तिसरं वळण होतं, दंतवैद्य होता.

शनिवारी दुपारी चिझुरू बाजारात गेली असताना दाराशी फळी आली. आजींचं सुंदर अक्षर होतं.

"हिराओकाबाईंच्या विनंतीवरून कळवण्यात येते की, हिराओकासान यांची गाडी उद्या सकाळी आठ वाजता बाईंच्या भावाकडे जाईल. कोपऱ्यावर वळताना शेवटचा आवाज होईल, क्षमा असावी. कृपया हिराओकासानना कळू देऊ नये."

खाली सहा शिक्के, आणि सातवा चौकोन रिकामा.

ती गाडी त्याला खरोखर फार प्रिय होती. भांडावं, किल्ली लपवावी, सरळ मुराईकडे पळ काढावा, सगळं मनात येऊन गेलं. पण सहा घरांनी शिक्के मारले होते, आणि त्या आळीतून फळी कधी बिनशिक्क्याची परत गेली नव्हती. त्याने ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि मारला. थोडा वाकडा आला.

रविवारी सकाळी आठला आळीतली सगळी घरं एकदमच अंगण झाडायला बाहेर पडली. शुन्पेई आला.

"अहो, किल्ली द्या," चिझुरू म्हणाली.

आपल्याला हे माहीत असता कामा नये, एवढंच हिराओकाच्या ध्यानात होतं. त्याने डोळे विस्फारले, छातीवर हात ठेवला, दोन पावलं मागे सरकला. "किल्ली? कसली किल्ली? गाडीची?" मग किल्ली दिली. गाडी कोपऱ्यावर वळली, कडाड् कट् कट्, आणि सहाही घरांनी माना लववून त्या आवाजाला क्षमा केली. हिराओकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

ओगुराआजी झाडू घेऊन हळूच त्याच्याजवळ आल्या.

"रडणं झकास जमलं, हिराओकासान, अगदी खरं वाटलं. पण ते दचकणं जरा जास्त झालं. पाचव्या घरच्यांना संशय आलाय, तुम्ही फळी वाचली म्हणून."