रेकॉर्डिंगमधली घूं घूं

"खाली कुठेतरी घूं घूं येतंय, साहेब," रेकॉर्डिस्ट म्हणाला आणि वाद्यवृंदाच्या संचालकांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

तीनशे वर्षांपूर्वीची युरोपातली भव्य समूहप्रार्थना त्या काळच्याच वाद्यांवर वाजवायची आणि श्रोत्यांसमोर एकाच प्रयोगात रेकॉर्ड करायची, हा त्यांचा जन्माचा ध्यास. आतड्याच्या तारांची व्हायोलिनं, बटणं नसलेले कर्णे, पायाने भाता मारायचा ऑर्गन. वादक पाठीमागे त्यांना 'अस्सलराव' म्हणत. नंतर एका सुराचंही ठिगळ लावणार नाही, असं ते छातीठोकपणे जाहीर करून बसले होते. सभागृह एकाच दिवसापुरतं मिळालं होतं, आणि सकाळच्या तालमीतच ही घूं घूं.

"एसी असणार! बंद करा!"

त्यांची बायको कोरसच्या मागच्या रांगेत उभी होती. आवाज कुठून येतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. तसं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. हातात ताल दाखवायची काठी आली की अस्सलराव स्वतःच गुणगुणायचे, आणि तेही सुराच्या आसपास कुठेतरी. शेजारच्या म्हाताऱ्या गायकाने तिला कोपराने ढोसलं.

"वहिनी, तुम्हीच सांगा की."

"भाऊजी, तुम्ही सांगा. मला रात्री त्याच घरी जायचंय."

खात्री करायला अस्सलराव पहिल्या व्हायोलिनवाल्याकडे काठी सोपवून रेकॉर्डिंगच्या खोलीत गेले. हेडफोन लावले. आवाज गायब! "बघा, एसीच होता," म्हणत ते विजयी मुद्रेने परतले. काठी उचलली. घूं घूं हजर.

संध्याकाळी बंद सभागृहाची भट्टी झाली. श्रोते कार्यक्रमपत्रिकेने वारा घेऊ लागले. मध्यंतरात रेकॉर्डिस्ट घाम पुसत आला. "साहेब, घूं घूं आहेच. वर आता फडफडही आलीय."

"पत्रिका काढून घ्या!"

पत्रिका गेल्या, पण मग कुठला भाग कुठे संपतो हे कुणाला कळेना. जरा कुठे विराम आला की टाळ्या पडायच्या. उकाड्याने तारा सैल पडून ज्याचा त्याचा सूर वेगळा झाला. शेवटच्या कोरसआधी एक दीर्घ शांतता होती. 'इथे काळ थांबतो,' असं अस्सलराव नेहमी सांगत. तिथे काळ थांबला नाहीच. संपलं बुवा एकदाचं म्हणून अर्धं सभागृह उठून दाराकडे धावलं.

"बसा खाली!" अस्सलराव ओरडले. तेही रेकॉर्ड झालं.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिस्टने नवराबायकोला सगळं ऐकवलं. टाळ्या, खुर्च्यांची करकर, 'बसा खाली', आणि या सगळ्याला पुरून उरलेली घूं घूं.

"हा कोण रेकतोय?" अस्सलराव कडाडले. "काढून टाका त्याला!"

"निघत नाही, साहेब. कुठलाही माइक उघडा, हा आहेच."

"कोरसमधलाच कुणीतरी बेसूर! नाव सांगा. पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर दिसता कामा नये!"

रेकॉर्डिस्ट भिंतीकडे बघू लागला. बायकोला आता राहवेना.

"अहो, तुम्हीच आहात तो."

अस्सलरावांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. डोळे मिटून ऐकताना त्यांचा चेहरा असा उतरला की तिला खरंच वाईट वाटलं. एवढा ध्यास घेतलेला माणूस, आणि वाट लावली ती स्वतःच्याच गळ्याने. पण मग त्यांनी डोळे उघडले आणि घसा खाकरला.

"त्या काळी संचालक गातच असत. हेच तर अस्सल!"

"तरीच," बायको म्हणाली, "त्या काळी माणसं लवकर मरायची."