कोण कोणाच्या मागं

"उद्यापनाच्या सोमवारी तुमी एकलेच घरी या," सुभद्राबाईंनी नवऱ्याला आठ दिवस आधीच बजावलं होतं.

"एकला? एकला आलो तं लोक म्हनतीन, खुशालरावाचं काही खरं नाही आता!"

दोन वर्षांपूर्वी खुशालराव हिवरखेडच्या रस्त्यानं एकटेच चालत, आणि कुणी काही म्हणत नव्हतं. पण सायबाच्या मुलखापल्याड कुठंशी लढाई लागली, अमरावतीच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला डोळे फिरतील असा भाव आला, आणि खुशालरावांच्या मागं माणसं उगवू लागली. आधी नत्थुजी एकटा होता. आता चौघं झाले होते. खुशालराव त्यांना 'आपली मंडळी' म्हणत. गावातले लोक समोर 'मालकाची मानसं' म्हणत आणि पाठ वळली की तोंडपुजे. नत्थुजी स्वतःला मालकाचा उजवा हात म्हणवी. बाकीचे तिघंही तेच म्हणवत, त्यामुळं खुशालरावांना डावा हात उरला नव्हता. सुभद्राबाई कधी कुणाला वावगं बोलत नसत. त्या नुसतं 'ते लोक' म्हणत. पण असं म्हणत, की पुढं शिवी देण्याची गरजच पडत नसे.

आपल्या मागं असं कुणी लोंबकळत नाही, याचा त्यांना मोठा अभिमान होता. पार्बताबाई, जमुना आणि कौशल्या रोज पूजेला येत, तीर्थ डोळ्यांना लावत, "काय व बाई तुमची भक्ती!" म्हणत आणि नैवेद्य संपेपर्यंत बसत. पण तो सत्संग. त्याची गोष्ट वेगळी.

श्रावणात धरलेले सोळा सोमवार पार पडले होते. सतराव्याला पाच शेर कणकेचा चुरमा झाला, तूपगुळात न्हालेला. त्याचे तीन वाटे केले. एक महादेवाचा, तो गाईच्या मुखी गेला. दुसरा मागणाऱ्यांचा, प्रसाद मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. तिसरा व्रत करणारीचा. या चुरम्याचा घास दिवेलागणीच्या आत तिच्या पोटात गेला नाही, तर सोळाच्या सोळा सोमवार पाण्यात. आणि नैवेद्य दाखवून झाल्यावर नवा चुरमा रांधून चालत नाही.

दुपारी अंगणात पावलं वाजली. खुशालरावांच्या मागं चौघं होते, पण रांग तिथं संपत नव्हती.

"मी फक्त नत्थुजीले सांगतलं होतं," खुशालराव खालच्या आवाजात म्हणाले.

"अन् मी फक्त सहदेवले," नत्थुजी पुढं झाला. "हा माहा शागीर्द हाये, बाईसाहेब. मी मालकाच्या मांगं, तं माह्या मांगं कोनी नको काय?"

सहदेवच्या मागं दोघं होते. "हे माहे सोबती," तो ऐटीत म्हणाला. बाकीच्या तिघा उजव्या हातांनीही आपापले शागीर्द आणले होते, शागीर्दांनी सोबती आणले होते, सोबत्यांनी मेहुणे. अंगण भरलं. अगदी शेवटी, खांद्यावर गाठोडं घेतलेला एक वाळका माणूस दाराशी अवघडून उभा होता.

"अन् हे?" सुभद्राबाईंनी विचारलं.

मेहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मेहुण्याच्या पुढं लावायला नातंच उरलं नव्हतं. एकजण म्हणाला, "असंन, यायच्यातलाच कोनी."

सुभद्राबाई वाढू लागल्या. प्रत्येकजण ओंजळ पुढं करून "परसाद, माय" म्हणत होता, आणि मागितल्यावर नाही म्हणता येत नव्हतं. दुसऱ्या वाट्याची परात खरवडून निघाली तेव्हा शेवटच्या माणसाची ओंजळ भरली होती. महादेवानं लाज राखली. त्या माणसानं मुकाट्यानं चुरमा उपरण्याच्या टोकात बांधला.

दिवस कलायला आला. सुभद्राबाई हात धुऊन देवघरात गेल्या. तिसऱ्या वाट्यावर नजर ठेवायला त्यांनी सत्संग बसवला होता. सत्संग होता. परात होती. परातीत काही नव्हतं.

"म्या एक चिमूट घेतली बाई," पार्बताबाईंनी परात पदरानं झाकायचा प्रयत्न केला. "तुमच्या हातचं म्हनून. मंग जमुनेले देल्ली."

"म्या कौशल्येले देल्ली."

"मी काय, दोघीयनं घेतली अन् म्या नाही घेतली तं तुमचा अपमान नाही काय होनार? मंग आमी फेर धरला."

मागं खुशालराव येऊन उभे होते. "माह्या मंडळीनं तं मागून खाल्लं व," ते म्हणाले.

या वाक्यानं सुभद्राबाईंचे कान तापले. पण बोलायला वेळ नव्हता. सूर्य कडुनिंबाच्या खाली गेला होता. चुरमा शिल्लक होता तो एकाच ठिकाणी. त्या अंगणात आल्या. सोळा सोमवारांचं पुण्य आणि जन्मभराची ताठ मान घेऊन त्या दारातल्या माणसासमोर थांबल्या, आणि सगळ्या मंडळीदेखत त्यांनी ओंजळ पुढं केली.

"परसाद द्या, दादा."

त्या माणसानं घाईघाईनं उपरण्याची गाठ सोडली. "घ्या न बाई. अर्धा घ्या, अर्धा माह्या पोरीले ठेवतो."

सुभद्राबाईंनी घास तोंडात घातला. सूर्य बुडाला. त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

"शाबास!" खुशालराव पुढं झाले. "कोनाचा मानूस हायेस गा तू?"

"कोनाचाच नाही जी. मी चंद्रभान. बहिनीले भेटून घरी परतवाड्याले चाललो होतो. यायले रस्ता पुसला, तं हे म्हने, चाल मांगं मांगं. आता सांगता काय रस्ता?"

सुभद्राबाईंनी त्याला वाकून नमस्कार केला. न बोलावता दारी आलेला, कुणाच्याही मागं नसलेला माणूस, म्हणजे अतिथी. "अजी," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "यायले गावच्या येशीपर्यंत पोचवाले पाह्यजे."

चंद्रभान निघाला. त्याच्या मागं सुभद्राबाई, मान पुन्हा ताठ. इतक्या अभिमानानं त्या कधी कुणाच्या मागं चालल्या नव्हत्या. बाई निघाल्या म्हणून सत्संग निघाला. घरधनीण निघाली म्हणून खुशालराव, आणि मग ओळीनं उजवे हात, शागीर्द, सोबती, मेहुणे. लोक दारात आले.

"कोन बडा मानूस आला गा हा?"

चंद्रभाननं मागं वळून पाहिलं. एवढी माणसं आपल्या मागं का येताहेत, हे त्याला कळेना. त्यानं पाय उचलले. रांगेनंही उचलले. तो पळू लागला तेव्हा नत्थुजी सगळ्यांना मागं टाकून धापा टाकत पुढं आला.

"मालक, जरा हळू चाला जी!"

"बरं बरं," मागून खुशालराव म्हणाले. पण नत्थुजीनं वळून पाहिलं नाही.